फोर बाय फोर गाडी: फुल टाइम की पार्ट टाइम?



गाडीचा विषय निघाला की आपल्याकडे बायका चहा ठेवायला उठतात. गाडी पुरुषांनी बघायची, रंग तेवढा आपल्याला विचारायचा, अशी रीत. आज मात्र उठू नका. गाडी दारात येते तेव्हा कर्जाच्या कागदावर बहुतेक वेळा आपलीही सही असते. हप्त्याची तारीख आली की दुधाच्या पैशाला हात लागतो. आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली की त्याच गाडीत आपण बसलेल्या असतो. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

आमच्या लोणी देवकरच्या गटात ही चर्चा सुरू झाली ती गेल्या पावसाळ्यात. आमच्या एका मैत्रिणीची वस्ती हायवेपासून दोन किलोमीटर आत आहे. अर्धा रस्ता डांबरी, पुढे काळ्या रानातली पाणंद. घरात मोठी फोर बाय फोर गाडी. एका रात्री सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा पुण्याला होता. पुतण्यानं गाडी काढली आणि पाणंदीतच ती रुतली. मागची चाकं गरगर फिरली, चिखल उडाला आणि गाडी आणखी खाली बसली. शेवटी शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर आणून ओढली. यात पाऊण तास गेला. सासूबाई आता बऱ्या आहेत, पण तो पाऊण तास त्या घरातलं कुणी विसरलेलं नाही.

सकाळी मुलगा आला आणि म्हणाला, "आई, गिअरशेजारचा बारका दांडा पुढं टाकला असता तर गाडी निघाली असती."

म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायची सोय गाडीत होती, पण ती आपल्या हातानं चालू करावी लागते हे घरात त्या एकट्यालाच ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचा समज असा की गाडीवर फोर बाय फोर लिहिलंय, म्हणजे चारही चाकं कायम ओढतात. काही गाड्यांत ती खरंच कायम ओढतात, त्यांना फुल टाइम म्हणतात. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आपण सांगू तेव्हाच ओढतात, त्या पार्ट टाइम. हा फरक आज नीट समजून घेऊ.

ओढणारी चाकं कोणती?

गाडीला चाकं चार असली तरी इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते असं नाही. बहुतेक लहान मोटारींत ती पुढच्या दोन चाकांना जाते. बोलेरोसारख्या गाडीत मागच्या दोन चाकांना. उरलेली दोन चाकं नुसती सोबत चालतात. डांबरी रस्त्यावर एवढं पुरतं. चिखलात मात्र ओढणारी दोन चाकं घसरली की काम थांबतं, कारण उरलेल्या दोघांकडे ताकदच नसते. चारही चाकांना ताकद दिली की निदान कुणीतरी कुठेतरी पकड धरतं. फोर बाय फोरचा फायदा तो हाच.

मग चारही चाकांना कायम ताकद का देत नाहीत? अडचण येते ती वळणावर.

आपल्यापैकी ज्यांनी खळ्यावरची मळणी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. तिवड्याजवळचा बैल थोडं चालायचा, कडेच्या बैलाला मात्र मोठा फेरा पडायचा. म्हणून म्हातारा बैल आत आणि तरणा बैल कडेला. वळणावर गाडीच्या चाकांचंही तसंच होतं. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जावं लागतं. त्यासाठी डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातऱ्यांची पेटी असते. ती एका चाकाला भरभर आणि दुसऱ्याला हळू फिरू देते. ही पेटी प्रत्येक मोटारीत असते.

पण फरक नुसता डाव्या-उजव्या चाकांतच पडत नाही, पुढच्या-मागच्या चाकांतही पडतो. एक हिशेब बघा. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत पावणेतीन मीटर अंतर आहे आणि गाडीनं जागेवर घट्ट असा एक पूर्ण गोल फेरा घेतला. मागची चाकं सरासरी ३१ मीटर चालली, तर पुढची सुमारे साडेपस्तीस मीटर चालतात. सुमारे साडेचार मीटरचा फरक! हा फरक गाडी कसा सोसते, त्यावरून ती फुल टाइम की पार्ट टाइम ते ठरतं.

पार्ट टाइम: रोजंदारीवरचा गडी

पार्ट टाइम गाडी एरवी दोनच चाकांवर चालते. आपण दांडा टाकला किंवा खटका फिरवला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना पक्की बांधली जातात आणि दोन्ही बाजू एकाच वेगानं फिरू लागतात. मधे फरक सोसणारी पेटी नाही.

चिखलात, वाळूत, ओल्या गवतात हे चालतं. पुढच्या चाकांना जास्त जायचं असलं तरी ती थोडी घसरतात आणि फरक भागतो. डांबरावर आणि सिमेंटवर मात्र चाक घसरत नाही. मग फरक जायचा कुठं? दोर वळताना जसा पीळ बसतो तसा पीळ गाडीच्या आतल्या दांड्यांना आणि दातऱ्यांना बसतो. स्टिअरिंग जड होतं. वळताना कुणी ब्रेक धरून ठेवल्यासारखी गाडी अडते, टायर कुरकुरतात. दांडा मागे घ्यायला जावं तर तो निघत नाही. असं झालं तर जोर करू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि दांडाही सुटतो. पण रोज असं चालवत राहिलं तर टायर लवकर झिजतात आणि एखाद्या दिवशी आतलं काहीतरी तुटतं. डांबर पावसानं ओलं झालं तरी त्याला पकड असतेच, म्हणून तिथंही हा नियम तोच.

घरात फोर व्हील ड्राइव्हचा ट्रॅक्टर असेल तर हे नवीन नाही. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांतून आपल्याकडे असे छोटे ट्रॅक्टर बरेच दिसतात. रानातून डांबरीवर आलं की जाणता ड्रायव्हर पुढच्या चाकांचा दांडा काढतो, नाहीतर पुढचे टायर हां हां म्हणता जातात. मोटारीचंही तेच.

या गाड्यांच्या दांड्यावर किंवा खटक्यावर तीन खुणा असतात. टू एच म्हणजे दोन चाकं, रोजचा रस्ता. फोर एच म्हणजे चार चाकं, चिखलाचा कच्चा रस्ता. फोर एल म्हणजे चार चाकं आणि वेग अगदी कमी, पण जोर कितीतरी जास्त. रुतलेली गाडी काढायला, खडा चढ चढायला आणि उभा उतार सावकाश उतरायला फोर एल. बऱ्याच नव्या गाड्यांत टू एचमधून फोर एचमध्ये सरळ चालत्या गाडीत जाता येतं. किती वेगापर्यंत ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. फोर एल टाकताना मात्र गाडी उभी करायची.

आणि चिखल दिसला की आधी दांडा टाकायचा, मग आत शिरायचं. रुतल्यावर आठवण झाली तर चारही चाकं खड्ड्यात असतात.

फुल टाइम: सालगडी

फुल टाइम गाडीत चारही चाकांना कायम ताकद मिळते. पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे आणखी एक, तिसरी डिफरन्शियल पेटी असते. ती वळणावरचा फरक सोसते, म्हणून डांबरावरही पीळ बसत नाही. चालवणाऱ्यानं काही टाकायचं नाही, काही काढायचं नाही. पावसाळी घाटात, अर्धा रस्ता कोरडा आणि अर्धा निसरडा अशा ठिकाणी ही गाडी बेफिकीर चालते. चिखलात एक चाक नुसतंच फिरू लागलं तर मधली पेटी बांधून टाकायला कुलूपही असतं.

मग सगळ्यांनी हीच का घेऊ नये? कारण सालगड्याचं साल आधी ठरवावं लागतं, काम असो वा नसो. ही यंत्रणा महाग, वजनाला जड, आणि रोज फिरत असल्यामुळे तेल जास्त पिणारी. आपल्याकडे ती डिफेंडर आणि लँड क्रूझर ३०० यांसारख्या गाड्यांत येते. त्यांच्या किमतीत आपल्याकडे जमीन येते.

तिसरा प्रकार: हाक न मारता येणारा शेजारी

या दोन्हींच्या मधे एक प्रकार आहे आणि शोरूममध्ये तोच जास्त गोंधळ करतो. त्याला ऑल व्हील ड्राइव्ह म्हणतात. गाडी एरवी मुख्यतः पुढच्या दोन चाकांवर चालते. चाक घसरतंय असं आतल्या कॉम्प्युटरला कळलं की तो आपणहून मागच्या चाकांनाही ताकद देतो. आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला तयार होणाऱ्या कंपासच्या फोर बाय फोर मॉडेलमध्ये ही सोय आहे. एक्सयूव्ही ७०० आणि ग्रँड विटारा यांच्या काही मॉडेलांतही ती दिली गेली आहे.

पावसातल्या डांबरीसाठी आणि हलक्या कच्च्या रस्त्यासाठी हा प्रकार चांगला. पण अशा बहुतेक गाड्यांत खरा फोर एल नसतो. गुडघाभर काळ्या चिखलात फार वेळ झगडायला लावलं तर आतला क्लच तापतो आणि गाडी स्वतःच मागच्या चाकांची ताकद बंद करते. शेजारी मदतीला धावून येईल, पण त्याच्याकडून सबंध रान नांगरून घेता येत नाही.

नावावरून ओळखता येत नाही

जीप हा शब्द आपल्या आज्यांनाही ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धातली ती लष्करी गाडी. पुढे महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि सरकारी साहेबांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत ती गावोगाव फिरली. ती पार्ट टाइम होती. आजची फोर बाय फोर थार, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी आणि गुरखा याही पार्ट टाइमच आहेत.

पण नुसत्या नावावर जाऊ नका. थार २०२० साली नव्या रूपात आली ती फोर बाय फोर. २०२३ मध्ये त्याच नावाची, तशीच दिसणारी, फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी थारही आली. दारात उभ्या केल्या तर लांबून फरक कळत नाही. आपल्या भागात फॉर्च्युनरचं वेड आहे आणि जुन्या फॉर्च्युनरची खरेदी-विक्रीही बरीच चालते. तिचा किस्सा आणखी वेगळा. २००९ साली ती भारतात आली तेव्हा फोर बाय फोर मॉडेल फुल टाइम होतं. २०१६ च्या सुमारास नवी घडण आली, ती पार्ट टाइम. शिवाय दोन चाकांवर चालणाऱ्या फॉर्च्युनरही आहेतच. म्हणजे एकाच नावाच्या तीन तऱ्हा. जुनी गाडी घेताना मागे चिकटवलेली पाटी बघू नका. आत बसा, दांडा किंवा खटका कुठं आहे आणि त्यावर काय लिहिलंय ते बघा. कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहा.

आपल्या रस्त्यांना काय लागतं?

आता लोणी देवकरकडे येऊ. आपला पुणे-सोलापूर हायवे चांगला आहे. इंदापूर, भिगवण, बारामती, सगळीकडे डांबर किंवा सिमेंट. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याला चिखल लागतच नाही. घाट नाही, बर्फ नाही. आपला तालुका कमी पावसाचा, मुख्य पाऊस परतीचा. म्हणून ज्याचं घर डांबरीला लागून आहे त्याला चार चाकांच्या ताकदीची गरज वर्षातून एखादवेळी पडेल. त्याला दोन चाकांची गाडी आणि चांगले टायर पुरतात.

पण सगळ्यांचं घर डांबरीला नाही. वस्तीवर राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. काळी माती भिजली की टायरच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत दगडासारखा होतो. पाऊस नसला तरी कॅनॉलचं पाणी सुटलं, चारी फुटली किंवा कुणाच्या उसाचं पाणी पाणंदीत आलं की भर उन्हाळ्यात चिखल. उजनीचं पाणी मागे हटलं की गाळपेराची जमीन उघडी पडते, तिकडे जाणाऱ्यांनाही हा अनुभव आहे. वरून पापुद्रा वाळलेला, खाली ओला गाळ. अशा घराला पार्ट टाइम फोर बाय फोर उपयोगी पडते, कारण तिथं फोर एल लागतो. फुल टाइमची गरज मात्र आम्हाला आपल्या शिवारात कुठंच दिसली नाही.

ठरवायच्या आधी एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभर खूण करा: आज रस्त्यामुळे गाडी अडली. वर्षाअखेर खुणा मोजा. पाच असतील तर एक उत्तर, पन्नास असतील तर दुसरं.

पैशांचा हिशेब

दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या मॉडेलमधला फरक लाखांत असतो. समजा तो दोन लाख आहे आणि ते कर्जानं घेतले. १० टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याला सुमारे ४,२५० रुपये जादा हप्ता आणि पाच वर्षांत एकूण सुमारे २ लाख ५५ हजार. वर डिझेल थोडं जास्त, सर्व्हिसिंग थोडं जास्त. ४,२५० रुपये म्हणजे आपल्या डेअरीच्या भावानं किती लिटर दूध, हे ज्या त्या घरानं मांडून बघावं. कॅलेंडरवरच्या खुणा आणि हे लिटर समोरासमोर ठेवले की भांडण न होता निर्णय होतो.

शोरूममध्ये गेल्यावर पाच प्रश्न विचारा. ही गाडी फुल टाइम, पार्ट टाइम की ऑल व्हील? फोर एल आहे का? मागच्या चाकांना कुलूप आहे का, म्हणजे एक चाक हवेत फिरत राहिलं तर दुसऱ्याला ताकद मिळते का? टायर कच्च्या रस्त्याचे आहेत की हायवेचे? आणि हेच मॉडेल दोन चाकांचं घेतलं तर कितीला पडेल? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

गाडी आल्यावर

चार चाकांच्या ताकदीनं गाडी चालू लागते, पण थांबते ती ब्रेकनं आणि टायरनं. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. म्हणून ओल्या हायवेवर फोर बाय फोर गाडी इतरांपेक्षा लवकर थांबत नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी सांडलेला चिखल रस्त्यावर असतो, तिथं पोरांना ही गोष्ट बजावून सांगा. अशा गाडीच्या भरवशावर वेग वाढवणं म्हणजे संकटाला आवतण देणं.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. फुल टाइम आणि ऑल व्हील गाडीत तर एकच नवा टायर टाकून भागवू नका. पार्ट टाइमचा दांडा महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर टाकून सरळ थोडं चालवा, नाहीतर तो जाम होतो आणि नेमका गरजेच्या रात्री हलत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना दांडा टाकता आला पाहिजे. जे चालवत नाहीत त्यांनाही तो ओळखता आला पाहिजे. आमच्या त्या मैत्रिणीनं नंतर काय केलं सांगू? एका रविवारी मुलाला गाडी मोकळ्या भिजलेल्या रानात न्यायला लावली. सून, पुतण्या आणि ती स्वतः, तिघांनी आळीपाळीनं दांडा टाकला, काढला. तिला गाडी चालवता येत नाही. पण आता शेजारी बसून ती सांगू शकते, "थांब, आधी फोर एच टाक." सासूबाई मागच्या सीटवर बसून सगळं बघत होत्या.

जाता जाता एक. त्या रात्री गाडी रुतली ती पाणंदीत. गाडी एका घराची असते, पाणंद दहा घरांची. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू केली. महिला ग्रामसभेत आपल्या पाणंदीचं नाव घ्या आणि ठरावात लिहून घ्या. ज्या घरात गाडी नाही, तिथल्या बाळंतिणीला न्यायला येणाऱ्या रुग्णवाहिकेला फोर एल नसतो. तिला रस्ताच लागतो.

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही कॅलेंडर घेऊन बसणार आहोत. तुम्हीही तुमच्या गटात बसा. नमस्कार.